मे आय कम इन?

संपादक मंडळातल्या मैत्रिणीनं ‘मराठी विभागासाठी काहीतरी लिही ना’ असं म्हटलं, तेव्हा मी आधी हसूनच घेतलं. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. ऱ्हस्व-दीर्घाची आणि माझी ओळख, रस्त्यात भेटलो तर हसण्याइतपतच! पण ‘शुद्धलेखन आम्ही बघतो, तू फक्त लिही’ असं आश्वासन मिळालं, आणि शिवाय दोन महिन्यांपासून एक गोष्ट मनात घोळत होती. म्हणून हे धाडस. चुकलं तर सांभाळून घ्या.

तर गोष्ट अशी. आमच्या डिपार्टमेंटच्या विद्यार्थी संघटनेची एक मेल यादी आहे. ज्याला हवं त्यानं आपला ई-मेल नोंदवायचा, की दर शनिवारी नोट्स, जुन्या प्रश्नपत्रिका, ओरल्सचे नेहमीचे प्रश्न असं सगळं त्याला मिळतं. चारशेच्या आसपास सभासद. टी.ई.ला आल्यावर ही यादी माझ्या गळ्यात पडली.

अडचण एकच. फाइली जड. सीनियर्सनी वहीची पानं मोबाइलवर स्कॅन करून बनवलेली पीडीएफ म्हणजे ४८ एमबीचं धूड. जीमेलवरून २५ एमबीपेक्षा जास्त काही जोडून पाठवता येत नाही, आणि मेलमधून जाताना फाइल साधारण एक तृतीयांशानं फुगते ते वेगळंच. म्हणून फाइल सर्व्हरवर ठेवायची आणि मेलमध्ये लिंक द्यायची. पण लिंक दाबली की पीडीएफ ब्राउझरमध्येच उघडायची. मग ती सेव्ह कशी करायची ते कुणाला कळायचं नाही, आणि रात्री बारा वाजता आमच्या खोलीच्या दारावर थाप पडायची, ‘दीदी, युनिट फोर डाउनलोड होत नाहीये!’ शेवटी वैतागून मी ठरवलं, लिंक दाबली की फाइल आपोआप उतरलीच पाहिजे. विचारायचं नाही, दाखवायचं नाही, थेट फोनमध्ये!

हे करणं अजिबात अवघड नाही. सर्व्हर कुठलीही फाइल पाठवण्याआधी ब्राउझरला चार ओळींची चिठ्ठी पाठवतो. त्यात ‘कंटेंट-डिस्पोझिशन’ नावाची एक ओळ असते. तिथे ‘इनलाइन’ लिहिलं तर ब्राउझर फाइल उघडून दाखवतो, ‘अटॅचमेंट’ लिहिलं तर गुपचूप उतरवून ठेवतो. गंमत म्हणजे ही ओळ मुळात मेलसाठीच बनली होती, १९९५ साली. वेबसाठीचे तिचे नियम २०११ मध्ये वेगळे लिहिले गेले. एचटीएमएलमध्ये लिंकला ‘डाउनलोड’ हा एक शब्द जोडूनही हे काम होतं, पण ते फक्त त्याच साइटवरच्या फाइलींसाठी, त्यामुळे मेलमधून त्याचा उपयोग नाही. ज्यांच्याकडे स्वतःचा सर्व्हर नाही त्यांनाही युक्ती आहेच. ड्रॉपबॉक्सच्या लिंकच्या शेवटी ‘डीएल=०’ असतं, त्याचं ‘डीएल=१’ केलं की झालं. एका आकड्याचा खेळ! मी अर्ध्या तासात काम उरकलं आणि स्वतःवर भलतीच खूश झाले.

पहिल्या शनिवारी सकाळी दहाला मेल गेला. दहा वाजून दोन मिनिटांनी डाउनलोडची मोजणी तीनशेच्या वर! आजवर आठवड्याभरात शंभर व्हायची मारामार. संघटनेच्या अध्यक्षांनी कँटीनमध्ये सगळ्यांना वडापाव दिला. सोमवारी लॅबमधल्या सरांना मी तो आकडा कौतुकानं दाखवला. त्यांनी सर्व्हरची नोंद उघडली, चष्मा वर केला आणि म्हणाले, ‘अगं, ही मुलं नाहीत. कॉलेजच्या मेलवर येणारी प्रत्येक लिंक आधी सुरक्षेचा प्रोग्राम उघडून तपासतो. तुझ्या नोट्स त्यानं वाचल्यात!’ म्हणजे वडापाव आम्ही खाल्ला आणि अभ्यास यंत्रानं केला.

सरांनी तेव्हा एक गोष्ट सांगितली, ती माझ्या चांगलीच लक्षात राहिली. मेलची यादी एका क्लिकमध्ये सोडता यावी म्हणून २०१७ मध्ये जे मानक आलं, त्यात नुसती लिंक उघडली तर सदस्यत्व रद्द होता कामा नये अशी काळजी मुद्दाम घेतली आहे. कारण हेच. लिंका माणसंच उघडतात असं नाही, यंत्रंही उघडतात. तेव्हा लिंक उघडणं म्हणजे होकार, असं धरून चालता येत नाही. मी मान डोलावली, पण माझी लिंक काही बदलली नाही. चालतंय ना, मग कशाला हात लावा!

पुढे तक्रारी येऊ लागल्या. फर्स्ट इयरची एक मुलगी म्हणाली, ‘दीदी, मी लिंक दाबली, काहीच झालं नाही, म्हणून परत दाबली, परत दाबली.’ झालं होतं बरं का, तीनदा झालं होतं. तीन सारख्या फाइली, १४४ एमबी. हॉस्टेलचं वायफाय परीक्षेच्या दिवसांत कसं असतं ते मी तुम्हाला सांगायला नको. ती मोबाइलच्या डेटावर होती, आणि दिवसाला दीड जीबीत तिला लेक्चर्सचे व्हिडिओही बघायचे होते. आयफोनवाल्या दोघीतिघींना फाइल नेमकी कुठे जाऊन बसली तेच सापडेना. या सगळ्यावर माझं उत्तर एकच, ‘डाउनलोड्समध्ये बघ ना!’ किती सोपं उत्तर!

आणि मग माझ्या रूममेटचं झालं.

एंड-सेमच्या आधीच्या आठवड्यात तिला मेल आला. विषय ‘हॉल तिकीट’. मजकूर दोन ओळींचा, खाली निळी लिंक. तिनं दाबली, फाइल आपोआप उतरली. तिला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. का वाटावं? दर शनिवारी असंच तर होत होतं. फाइलीच्या लांबलचक नावात आधी ‘पीडीएफ’ होतं आणि अगदी शेवटी ‘एपीके’, म्हणजे अ‍ॅप. फोनच्या पट्टीवर नावाचा शेवट दिसलाच नाही. तिनं उघडली. फोननं ‘अनोळखी ठिकाणचं अ‍ॅप आहे’ असं बजावलं. पण हॉल तिकिटाची धास्ती, त्यात रात्रीचे साडेअकरा. तिनं ‘अलाउ’ दाबलं. मग एसएमएस वाचायची परवानगी मागितली गेली, तीही दिली. सकाळी खात्यातून साडेसहा हजार रुपये गेलेले. मेसचे होते. तिच्या बाबांनी दोनच दिवसांपूर्वी पाठवलेले.

आम्ही लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन केला, ऑनलाइन तक्रारही नोंदवली. (हा नंबर सगळ्यांनी फोनमध्ये ठेवा. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त.) पैसे अजून आलेले नाहीत. पण मला लागलं ते तिचं एक वाक्य. ती रागावली नाही की रडली नाही. सहज म्हणाली, ‘मला वाटलं, तुझाच मेल आहे.’

मित्रमैत्रिणींनो, मी तिला लुबाडलं नाही हे मलाही कळतं. पण लिंक दाबायची, काय उतरलं ते न बघता उघडायचं, ही सवय तिला कुणी लावली? चोरानं फक्त आमच्या पायवाटेवरून चालत येण्याचं काम केलं. ही युक्ती नवीनही नाही. मे २०००मध्ये, म्हणजे माझ्या जन्माच्याही आधी, ‘आय लव्ह यू’ असा विषय असलेला मेल जगभर पसरला होता. सोबतच्या फाइलीच्या नावात ‘टीएक्सटी’ होतं आणि त्यापुढे खरं आडनाव ‘व्हीबीएस’. विंडोज ते शेवटचं आडनाव लपवायचं, त्यामुळे लाखो लोकांनी प्रेमपत्र समजून प्रोग्राम चालवला. इतक्या वर्षांत फोन आले, अ‍ॅप्स आली, पण माणूस फसतो तो अजून त्याच जागी. फाइल काय आहे हे कळण्याआधीच ती हातात आलेली असते.

आता संघटनेतल्या मित्रांचं म्हणणंही सांगते, नाहीतर अन्याय होईल. ते म्हणतात, ‘लोकांनी स्वतःहून ई-मेल दिलाय. त्यांना फाइल हवीच आहे. मग मध्ये आणखी एक पान कशाला? प्रत्येक जादा क्लिकला काही लोक गळतात.’ गळतात, हे खरं आहे. आणि आपोआप उतरणारी लिंक मुळातच वाईट, असंही मी म्हणत नाही. ‘डाउनलोड करा’ असं लिहिलेलं बटण एखाद्यानं जाणूनबुजून दाबलं, तर त्याला फाइल मिळायलाच हवी. तिथे पुन्हा ‘नक्की का?’ विचारत बसणं म्हणजे ऑफिसातल्या खिडकीसारखं झालं, की फॉर्म भरला तरी पुढच्या खिडकीवर पाठवायचं!

माझा मुद्दा वेगळा आहे. सभासद होणं म्हणजे ‘मला कळवत राहा’ असं सांगणं. ‘माझ्या फोनमध्ये केव्हाही काहीही आणून टाका’ असा त्याचा अर्थ होत नाही. आपल्या देशात २०२३ मध्ये वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्यात संमती कशी हवी हे सांगितलंय : मोकळेपणानं दिलेली, ठरावीक गोष्टीपुरती, माहिती घेऊन दिलेली, बिनशर्त आणि निःसंदिग्ध. तो कायदा माणसाच्या माहितीबद्दल आहे, पीडीएफबद्दल नाही, हे मान्य. पण ‘ठरावीक गोष्टीपुरती’ हे शब्द वाचले आणि मला माझी लिंक आठवली. चारशे जणांनी एकदा ‘हो’ म्हटलं होतं, आणि मी तेच ‘हो’ दर शनिवारी त्यांना न विचारता वापरत होते.

म्हणून आता आम्ही पद्धत बदलली आहे. म्हणजे मी बदलली, आणि बाकीचे अजून कुरकुरतायत! मेलमध्येच लिहितो : कशाच्या नोट्स, कुठला प्रकार, किती एमबी. लिंक दाबली की एक साधं पान उघडतं. त्यावर फाइलीचं पूर्ण नाव, तारीख आणि दोन बटणं, ‘इथेच वाचा’ आणि ‘डाउनलोड करा’. दुसरं बटण दाबलं की मात्र फाइल थेट उतरते, ती आधीचीच युक्ती वापरून. पान नेहमी त्याच एका पत्त्यावर असतं, म्हणजे दुसरीकडून काही आलं तर शंका यावी. संघटना कधीही एपीके पाठवणार नाही, हे प्रत्येक मेलच्या तळाशी लिहिलेलं असतं. आणि हो, स्कॅन नीट दाबून बसवल्यावर ४८ एमबीची ती फाइल ९ एमबीची झाली. हे मी पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. पण तेव्हा मला फाइल लहान करण्यापेक्षा ढकलण्यात जास्त रस होता.

डाउनलोडचा आकडा अर्थातच खाली आला. गेल्या शनिवारी सत्त्याऐंशी. वडापाव काही मिळाला नाही. पण ती सत्त्याऐंशी माणसं आहेत. त्यांनी काय घ्यायचं ते बघितलं आणि मग घेतलं.

आमच्या शाळेत वर्गाचं दार दिवसभर उघडंच असायचं. सिस्टर समोर दिसायच्या, त्यांनाही आम्ही दिसायचो. तरी उंबरठ्यावर थांबून ‘मे आय कम इन, सिस्टर?’ विचारल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही, असा नियम होता. तेव्हा वाटायचं, काय हा इंग्रजी थाट! दार तर उघडंच आहे, मग विचारायचं कशाला? आता कळतं, दार उघडं असतं तेव्हाच तर विचारायचं असतं. बंद असतं तेव्हा विचारण्यावाचून गत्यंतरच नसतं.

आपण सगळे उद्या कुठे ना कुठे काम करणार, लाखो लोकांच्या फोनमध्ये जाणाऱ्या गोष्टी बनवणार. कुणी तरी मॅनेजर म्हणेलच, ‘एक क्लिक कमी कर.’ करायला अर्धा तास लागेल आणि मोजणीचा आकडाही छान दिसेल. तेव्हा एवढंच बघा, की तो कमी केलेला क्लिक आपल्या सोयीचा होता, की समोरच्याच्या होकाराचा.

माझी रूममेट या महिन्यात मेसचे पैसे हप्त्यानं भरतेय. तिला विचारूनच मी हे लिहिलंय.