वेताळ कोणाच्या स्वाधीन?

मराठीला अद्भुतकथेची परंपरा नाही, असे विधान साहित्याच्या वर्गांत अजूनही बिनदिक्कत केले जाते. योद्ध्याशी जखडलेल्या पिशाच्चाचा विषय निघाला, की मायकेल मूरकॉकच्या एल्रिकची आत्मे पिणारी तलवार आठवते, किंवा 'नारुतो'च्या देहात कोंडलेला नऊ शेपट्यांचा कोल्हा. उदाहरणे उत्तमच आहेत. आमचा आक्षेप आहे तो आपल्या विस्मरणाला.

बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यात, सावरगावाजवळ मायंबा येथे मच्छिंद्रनाथांचे समाधिस्थान आहे. मालू कवीने शके १७४१ (इ.स. १८१९) मध्ये सिद्ध केलेल्या ४० अध्यायांच्या 'नवनाथ भक्तिसारा'त हेच मच्छिंद्रनाथ वेताळाशी युद्ध करतात, पराभूत वेताळ त्यांच्या मंत्रविद्येस साह्य करण्याचे वचन देतो. योगी असले तरी येथे ते रणात उतरलेले वीरच आहेत. याच जिल्ह्यात, अंबाजोगाईला, मुकुंदराजांची समाधी आहे. 'विवेकसिंधू' आपण वाङ्मय म्हणून अभ्यासतो. 'भक्तिसार' मात्र पारायणापुरता सोडून देतो.

का, तर म्हणे त्याने अंधश्रद्धा बळावेल! आम्हांस नेमके उलटे वाटते. चिकित्सक वाचकाने वेताळाकडे पाठ फिरवली, की तो मांत्रिकाच्या स्वाधीन होतो. महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला. कायदा मांत्रिकाला आवरू शकतो. पण कथा ही कथा म्हणून कशी वाचावी, हे शिकवण्याचे काम मराठीच्या वर्गाचेच आहे.

आणि वाचण्याजोगे त्यात पुष्कळ आहे. सोमदेवाच्या अकराव्या शतकातील 'कथासरित्सागरा'त राजा प्रेतात शिरलेल्या वेताळाला खांद्यावरून नेतो. उत्तर ठाऊक असून मौन पाळले तर मस्तक फुटेल, बोलला तर वेताळ झाडावर परतेल. अखेरच्या प्रश्नापाशी राजा खरोखरच निरुत्तर होतो, आणि त्याच्या धैर्यावर प्रसन्न झालेला वेताळ भिक्षूचा कपटी डाव उघड करून त्याचा जीव वाचवतो. एल्रिकची तलवार शेवटी धन्याचाच घास घेते; वेताळ धन्याची परीक्षा घेतो आणि मग त्याला तारतो. मच्छिंद्रनाथांचा वेताळ पराभवाने बांधला गेला, राजाचा वेताळ आदराने. यांतला कोणता बंध अधिक टिकाऊ? सत्ता, शब्द आणि निष्ठा यांविषयी याहून गंभीर प्रश्न कोणती आधुनिक कादंबरी विचारते, ते आम्हांस दाखवून द्यावे.

'चांदोबा' मासिकातला वेताळ वाचून आपल्या कित्येक पिढ्या वाढल्या. पदवी हाती येताच तो बालिश ठरला. आमची मागणी माफक आहे. एल्रिक अवश्य शिकवावा. मात्र त्याच तासाला 'भक्तिसार' आणि 'कथासरित्सागर'ही बाकावर असावेत. आष्टीहून आलेल्या विद्यार्थ्याला आपल्या गावाशेजारचा डोंगर वाङ्मयाच्या नकाशावर दिसू नये, हा दोष त्या डोंगराचा नव्हे. नकाशा काढणाऱ्या आपणा अध्यापकांचा आहे.