जळगाव–धुळे अंतर किती? ८२, ९५ की १५० किलोमीटर?

जळगाव आणि धुळे ही खानदेशातली शेजारच्या जिल्ह्यांची ठिकाणं. पण त्यांच्यातलं अंतर विचारलं तर तीन आकडे निघतात, आणि गंमत म्हणजे तिन्ही बरोबर आहेत.

तीन आकडे कुठून येतात?

हवाई अंतर, सुमारे ८२ किमी: दोन्ही शहरांचे अक्षांश-रेखांश हॅवरसाइन या सूत्रात टाकले की हे मिळतं. प्रवासाला उपयोग शून्य, पण बऱ्याच 'अंतर काढा' साइट हेच दाखवतात.

रस्त्याचं अंतर, सुमारे ९५ किमी: पाळधी, एरंडोल, पारोळा, मुकटी, फागणे असा राष्ट्रीय महामार्ग ५३ (जुना ६). मॅप ॲपसाठी प्रत्येक चौक हा एक बिंदू आणि दोन चौकांमधला रस्ता ही एक रेघ. या जाळ्यात सगळ्यात कमी वेळाची वाट शोधायची. डाइक्स्ट्रा यांनी १९५९ साली मांडलेली पद्धत आजही या कामाचा पाया आहे.

रेल्वेचं अंतर, सुमारे १५० किमी: धुळ्याला मुख्य लाईन नाही, १९०० साली सुरू झालेला चाळीसगावचा फाटा आहे. म्हणून जळगावहून आधी चाळीसगाव, मग धुळे. शिवाय जोडगाडीची वाट पाहणं वेगळंच.

वेळ कशाने वाढतो?

समजा, ९५ पैकी ८० किमी ताशी ६० ने गेलो आणि गावांजवळचे, कामाचे १५ किमी ताशी २० ने. ८० + ४५, एकूण १२५ मिनिटं. आता मोकळ्या ८० किमीवर वेग ८० केला तर वाचतात २० मिनिटं. त्याऐवजी अडलेल्या १५ किमीवर वेग फक्त ४० झाला तर वाचतात साडेबावीस! म्हणजे गाडी पळवण्यापेक्षा अडथळे काढणं जास्त फायद्याचं.

फागणे–तरसोद चौपदरीकरणाकडे याच नजरेने बघायला हवं. त्यातला पाळधी–तरसोद बायपास भुसावळकडे जाणाऱ्यांचा वेळ वाचवतो. पण जळगाव स्टँडवर उतरणाऱ्याला शहरात शिरावंच लागतं. एसटीही पारोळा, एरंडोलच्या स्टँडवर जाते. ॲपमधली कारची वेळ एसटीला लागू पडत नाही ती म्हणूनच.

पुढे काय बदलेल?

धुळे–नरडाणा रेल्वेमार्गाचं भूमिपूजन १६ फेब्रुवारी २०१९ रोजी झालं. २ सप्टेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ३०९ किमीच्या मनमाड–इंदूर मार्गाला मंजुरी दिली, खर्च १८,०३६ कोटी रुपये. नरडाणा हे भुसावळ–सुरत लाईनवरचं स्टेशन. तो जोड झाला की जळगाव–अमळनेर–नरडाणा–धुळे अशी दुसरी वाट जाळ्यात येते, चाळीसगावचा वळसा न घेता. पण रूळ पडले म्हणजे वेळ वाचलाच असं नाही. सोयीच्या वेळेला थेट गाडी हवी, नाहीतर वाचलेले किलोमीटर प्लॅटफॉर्मवरच खर्च होतील.

बांभोरीच्या विद्यापीठात परीक्षेला किंवा कागदपत्रांसाठी धुळ्याहून येणाऱ्या पोरांना याचा थेट फटका बसतो. तेव्हा निघायच्या आदल्या दिवशी, त्याच वेळेला ॲप उघडून बघा, आणि एसटीने जाणार असाल तर त्या वेळेवर विसंबू नका, एक गाडी आधीची पकडा.