सेंट लुसियाची केळी आणि आपला रावेर

कॅरिबियन समुद्रातलं सेंट लुसिया हे बेट आपल्या जळगाव जिल्ह्याच्या एकोणिसाव्या हिश्शाएवढं. क्षेत्र 617 चौरस किलोमीटर, वस्ती दोन लाखांच्या आत. तरी तिथल्या केळीची कथा रावेर, यावल, चोपडा आणि धुळ्याकडच्या शिरपूरच्या केळीवाल्यांनी समजून घ्यावी, असं केळी लावणारा म्हणून मला फार वाटतं.

या बेटासाठी फ्रेंच आणि इंग्रज दीड शतक भांडले. 1814 साली ते इंग्रजांकडे कायमचं गेलं. उसाचे मळे गुलामांनी उभे केले. गुलामी संपल्यावर 1859 पासून आपल्याच देशातले मजूर करारावर तिथं नेले. पुढे साखर परवडेना. 1950 च्या दशकात गीस्ट नावाची ब्रिटिश कंपनी केळी उचलू लागली आणि डोंगरउतारावरचे दोन-चार एकरवाले शेतकरी केळीत उतरले. बोट बंदराला लागायची, माल जायचा, रोख पैसा घरात यायचा. त्यावर घरं पक्की झाली, पोरं शिकली. लोक केळीला हिरवं सोनं म्हणत.

हे सगळं उभं होतं ते ब्रिटनच्या बाजारातल्या सवलतीवर. 1993 मध्ये युरोपची बाजारपेठ एक झाली, तरी जुन्या वसाहतींच्या केळीला झुकतं माप राहिलं. 1996 मध्ये अमेरिकेनं इक्वेडोर, ग्वाटेमाला, होंडुरास आणि मेक्सिकोला बरोबर घेऊन जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली. अमेरिकेत केळी पिकते नावापुरती. तिला काळजी होती ती लॅटिन अमेरिकेतून माल पाठवणाऱ्या चिकिटासारख्या कंपन्यांची. 1997 चा निकाल युरोपच्या विरोधात गेला. समझोता व्हायला 2009 चा डिसेंबर उजाडला. छोट्या शेतकऱ्याला एवढी वर्षं कशी थांबता येणार? हजारोंनी बागा मोडल्या. उरल्यासुरल्यांवर 2010 मध्ये टॉमस वादळ आलं. आज ते बेट मुख्यतः पर्यटकांवर जगतं.

आपली केळी दिल्ली, पंजाब, काश्मीरला जाते, जागतिक व्यापार संघटनेच्या निकालानं ती अडत नाही, हे खरं. पण भाव आपल्याही हातात नाही. बाजार समितीच्या बोर्डावर एक भाव लागतो आणि कापणीला आलेला व्यापाऱ्याचा माणूस घडाला हात लावून म्हणतो, "माल बारीक आहे." घड पक्व झालेला, मजूर बांधावर उभे, गाडी लागलेली. अशा वेळी गाडी कोण माघारी फिरवणार? मुकाट्यानं कमी भाव घ्यावा लागतो. बऱ्हाणपूरला केळीचा लिलाव होतो. तसा उघडा लिलाव रावेर-सावद्याला रोज का होऊ नये? हा प्रश्न मी प्रत्येक पुढाऱ्याला विचारतो आणि विचारत राहणार.

दुसरी भीती जमिनीतली. आपल्याकडे जिकडे पाहावं तिकडे ग्रँड नैन. ऊतिसंवर्धनानं उत्पादन वाढलं, हे नाकारत नाही. पण सगळी झाडं एकाच रक्ताची. ग्रो मिशेल हे एके काळी जगभर निर्यात होणारं वाण पनामा मर रोगानं 1960 च्या दशकात निर्यातीच्या बाजारातून गेलं आणि कॅव्हेंडिश आलं. आता त्याच रोगाची नवी जात कॅव्हेंडिशलाही, म्हणजे आपल्या ग्रँड नैनलाही, मारते. ती बिहार आणि उत्तर प्रदेशात पोचली आहे. करपा, थंडीचा चरका, सीएमव्ही विषाणू आपण सोसले. मर एकदा मातीत शिरला की त्यावर औषध नाही.

जळगाव केळीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. 2021 च्या जूनमध्ये तांदलवाडीची 22 टन केळी त्याच नावानं दुबईला निघाली. मला त्याचा अभिमान आहे. पण तीन कोटी टनांहून जास्त केळी पिकवणाऱ्या देशाची निर्यात अजून चिमूटभरच आहे.

म्हणून शेतकरी भावांनो, बाहेरून आणलेलं बेणं तपासल्याशिवाय लावू नका. मृगबाग लावताना सगळं रान केळीखाली घालू नका. गावोगावच्या उत्पादक कंपन्यांनी पॅकहाउस आणि शीतगृह स्वतःचं उभारावं, त्यासाठी सरकारकडे एकजुटीनं पैसा मागावा. आणि मतं मागायला येणाऱ्या प्रत्येकाकडून रावेरच्या उघड्या लिलावाची तारीख लिहून घ्या.