केमो नको म्हणण्याआधी बायोप्सी

मांजराला सर्दी झाली तर घरातले फारशी काळजी करत नाहीत. विषाणूंमुळे मांजरांना सर्दी होतेच आणि बहुतेक वेळा ती आटोक्यातही येते. पण प्रौढ मांजराच्या एकाच नाकपुडीतून कित्येक आठवडे स्राव वाहत असेल, त्यात रक्त दिसत असेल, श्वास घेताना घरघर होत असेल किंवा नाकाचा वरचा भाग फुगला असेल, तर अँटिबायोटिकचा आणखी एक कोर्स हे उत्तर नव्हे. नाकातल्या कर्करोगाची शंका तेव्हा घ्यायलाच हवी.

हे निदान कानावर पडताच, 'मुक्या जिवाला केमोचे हाल कशाला?' असे अनेकजण म्हणतात. हा प्रश्न मायेपोटी येतो, पण तो घाईचा आहे. नाकातला प्रत्येक कर्करोग सारखा नसतो. मांजरांमध्ये सर्वाधिक आढळतो तो लिम्फोमा, म्हणजे पांढऱ्या पेशींचा कर्करोग. तो केमोथेरपीला बऱ्याचदा चांगला प्रतिसाद देतो आणि काही मांजरे त्यानंतर वर्षभर किंवा त्याहूनही अधिक काळ बरी राहतात. कार्सिनोमा मात्र केमोला फारशी दाद देत नाही. हा फरक नुसत्या तपासणीत कळत नाही. त्यासाठी शक्यतो सीटी स्कॅन आणि न चुकता बायोप्सी हवी.

नेमकी इथेच चूक होते. नाक मोकळे व्हावे म्हणून आधीच स्टेरॉइड सुरू केले जाते. मांजराला चार दिवस बरे वाटते. पण लिम्फोमा असल्यास गाठ तात्पुरती आक्रसून निदान चुकू शकते आणि पुढच्या केमोचा परिणामही कमी होऊ शकतो. म्हणून आधी बायोप्सी, मग स्टेरॉइड, हा क्रम पशुवैद्यांनी पाळावा आणि मालकांनीही तसा आग्रह धरावा.

नाकापुरत्या मर्यादित लिम्फोमावर किरणोपचार प्रभावी ठरतात, पण आपल्याकडे प्राण्यांसाठी ही सोय सहज मिळत नाही. त्यामुळे केमोचे महत्त्व वाढते. त्यातले व्हिन्क्रिस्टीन हे औषध मुळात आपल्या अंगणातल्या सदाफुलीतून मिळालेले. त्याच्या जोडीला सायक्लोफॉस्फामाइड आणि प्रेडनिसोलोन दिले जाते. माणसांपेक्षा येथे मात्रा सौम्य असते, कारण रोग समूळ नष्ट करण्यापेक्षा मांजराचे दिवस सुखाचे जावेत हा हेतू असतो. केस सहसा गळत नाहीत. मिशा मात्र गळू शकतात. उलट्या, भूक मंदावणे, पांढऱ्या पेशी कमी होणे हे त्रास होतात, म्हणून रक्ततपासणी टाळू नये. माणसांचे औषध परस्पर देणे तर जिवावर बेतते: सिस्प्लॅटिन मांजराला मारक ठरते. औषधाचा अंश मलमूत्रातून बाहेर पडतो, त्यामुळे मातीचा ट्रे हातमोजे घालूनच साफ करावा. गरोदर स्त्रियांनी त्यापासून दूर राहावे.

खर्च परवडत नसेल, मांजराला दवाखान्याचीच धास्ती असेल किंवा गाठ कार्सिनोमाची असेल, तर केमो नाकारण्यात काहीच गैर नाही. मांजर वासावर जेवते. नाक चोंदले की ते अन्नाकडे पाठ फिरवते. अशा वेळी वेदनाशमन आणि कोमट, वासाचे अन्न हाही उपचारच आहे. ते खाते का, अंग चाटून स्वच्छ ठेवते का, माणसांत येऊन बसते का, यावरून उपचार चालू ठेवायचे की थांबवायचे हे ठरवावे. मात्र हा निर्णय 'केमो' या शब्दाच्या धास्तीने नव्हे, बायोप्सीचा अहवाल हातात घेऊन व्हावा.