भिंत मालकाची, थंडी भाडेकरूची

इंग्लंडमधील गरीब भाडेकरूचा हिवाळा मीटरवर मोजला जातो. आगाऊ पैसे भरावे तेव्हा गॅस मिळतो, आणि विटांच्या जुन्या भिंतींतून ती ऊब पाहता पाहता रस्त्यावर जाते. भिंतीला उष्णतारोधक अस्तर लावणे मालकाच्या हाती; बिल मात्र भाडेकरूच्या माथी. मग मालकाने खर्च करावा तरी कशासाठी? अर्थपंडित याला बाजारातील त्रुटी म्हणतात. त्रुटी कसली, ही तर बाजाराची रीतच!

तक्रारखोराच्या बंदोबस्तासाठी थॅचर सरकारच्या १९८८ च्या गृहनिर्माण कायद्यातील कलम २१ होतेच: कारण न देता दोन महिन्यांच्या नोटिशीने घर खाली. रॉचडेल येथे डिसेंबर २०२० मध्ये दोन वर्षांचे मूल घरातील बुरशीमुळे दगावले, हे मृत्युचौकशीत सिद्ध झाले. ते घर तर खाजगी मालकाचेही नव्हते, सामाजिक गृहसंस्थेचे होते. तरीही ठपका आला तो कुटुंबाच्या राहणीवर!

मजूर पक्षाच्या सरकारने २०२५ मध्ये कलम २१ रद्द करणारा कायदा केला, हे स्वागतार्हच. परंतु त्याच कायद्याने वर्षातून एकदा बाजारभावापर्यंत भाडे वाढविण्याची मुभा मालकाला ठेवली आहे. अस्तर लागलेल्या घराचा बाजारभाव चढणार, आणि ज्याच्या तक्रारीने ते लागले तो पुन्हा ओलसर खोली शोधत हिंडणार.