कायमची परवानगी

गेल्या आषाढांत आमच्या घरीं एक प्रसंग घडला. तो या सदरांत सांगावा कीं न सांगावा, याचा आम्ही बरेच दिवस विचार करीत होतों; कारण त्यांत चूक आमचीच होती, आणि सारा जन्म दुसऱ्यांच्या चुका लाल शाईनें दाखविण्यांत गेल्यावर स्वतःची चूक छापून आणणें मनुष्यास जड जातें. परंतु ज्यांना त्या प्रसंगाची झळ लागली त्या आमच्या वहिनींनींच आग्रह धरला. "भाऊजी, दुसऱ्या कोणाच्या घरीं असें होऊं नये. लिहा तुम्ही," असें त्या म्हणाल्या, म्हणून लिहितों.

आमच्या माजघराच्या कोपऱ्यांत एक संगणक आहे. तो कोणा एकाचा नाहीं, घराचा आहे. सकाळीं सूनबाई त्यावर विजेचें बिल भरते, दुपारीं वहिनी पंचांग आणि वर्तमानपत्रें पाहतात, आणि सायंकाळीं मुलें अभ्यासाच्या नांवाखालीं काय पाहतात तें तींच जाणोत. दोन वर्षांपूर्वीं आमच्या पुतण्यानें, जो संगणकाच्याच नोकरींत आहे, त्यावरील फायरफॉक्स ब्राउझरास नोस्क्रिप्ट नांवाचें एक एक्स्टेन्शन जोडून दिलें आणि सांगितलें, "काका, हा दारावरचा रखवालदार समजा. तो ज्याला अडवील त्याला आंत घ्यावें कीं नाहीं, हें तुम्हीं ठरवायचें. फक्त घाई करूं नका." आम्हीं मान डोलावली.

हा रखवालदार कोणाला अडवितो तें आधीं सांगितलें पाहिजे. आपण एखादें संकेतस्थळ उघडतों तेव्हां वरच्या पट्टींत एकच नांव दिसतें, आणि आपला व्यवहार त्या एकाशींच चालला आहे असें आपण समजतों. वस्तुतः त्या पानासमवेत दहा-वीस परकीं नांवें येत असतात. कोणी जाहिराती पुरविणारा, कोणी वाचकांची मोजदाद ठेवणारा, कोणी चित्रफीत पाठविणारा, कोणी नुसतीं अक्षरांचीं वळणें पुरविणारा. जेवणाचें आमंत्रण एकास द्यावें आणि त्यानें सारी आळी बरोबर आणावी, असा हा प्रकार आहे. या मंडळींपैकीं बहुतेकजण जावास्क्रिप्ट या भाषेंत लिहिलेले आदेश घेऊन येतात, आणि ते आदेश त्यांच्या घरीं नव्हे, आपल्या यंत्रावर चालतात. ही भाषा ब्रेंडन आइक यांनीं १९९५ सालीं नेटस्केप कंपनींत अवघ्या दहा दिवसांत उभी केली. संकेतस्थळांचीं पानें हालूंबोलूं लागलीं तीं हिच्यामुळें, आणि त्यांच्या आडून चोरवाटा पडल्या त्याही बव्हंशीं हिच्यामुळेंच. इटलींतील पालेर्मो येथले जॉर्जो माओने यांनीं २००५ सालीं नोस्क्रिप्ट काढलें तें या आदेशांस प्रथम अडवावें आणि मग मालकास विचारावें या हेतूनें. गुप्ततेची विशेष काळजी घेणाऱ्यांसाठीं जो टॉर ब्राउझर आहे, त्यांतही तेंच बसविलेलें असतें.

ज्यांनीं थोडेंफार पाणिनीय व्याकरण केलें असेल त्यांना ही रचना ताबडतोब समजेल. मनाई हा येथें उत्सर्ग, आणि परवानगी हा अपवाद. अपवाद मोजके आणि नांवानिशीं सांगितलेले असावेत, तरच उत्सर्गास कांहीं अर्थ राहतो. हें आम्हीं विद्यार्थ्यांस किती वेळां शिकविलें असेल! आणि घरच्या संगणकावर मात्र आमच्या हातून बरोबर उलट घडलें.

तें असें. नोस्क्रिप्टच्या खुणेवर दाबलें म्हणजे पानाबरोबर आलेल्या नांवांची यादी उघडते, आणि प्रत्येक नांवासमोर कांहीं पर्याय असतात. डिफॉल्ट म्हणजे मूळचीच मनाई. ट्रस्टेड म्हणजे विश्वासू. ही परवानगी कायमची. ट्रस्टेडचाच एक तात्पुरता प्रकार आहे, त्यावर लहानसें घड्याळ काढलेलें असतें, आणि ती परवानगी ब्राउझर बंद केला कीं आपोआप संपते. अनट्रस्टेड म्हणजे कायमची बंदी. कस्टम म्हणजे तुमच्या मर्जीप्रमाणें, अमुक गोष्ट द्यावी आणि तमुक देऊं नये. आतां घड्याळाची परवानगी रोज सकाळीं नव्यानें द्यावी लागते, आणि आमच्यासारख्या म्हाताऱ्यास हा रोजचा जाच वाटतो. मार्गशीर्षांत आम्हांस एका कीर्तनाची चित्रफीत पाहावयाची होती. ती चालेना. यादी उघडली तों चौदा नांवें. त्यांपैकीं कोणावांचून काम अडलें आहे हें शोधण्याचा धीर आम्हांस नव्हता. आम्हीं वरपासून खालपर्यंत सगळ्यांस ट्रस्टेड करून टाकलें आणि कीर्तन ऐकत बसलों. कीर्तन उत्तम झालें. परंतु हें असें आम्ही दोन वर्षें करीत आलों होतों.

आषाढांत एके दुपारीं वहिनी पंचांगाचें पान पाहत असतां एकाएकीं सारा पडदा लाल झाला, भोंगा वाजूं लागला, आणि इंग्रजींत मजकूर आला कीं तुमच्या संगणकांत विषाणु शिरला आहे, बँकेची माहिती चोरीस जात आहे, ताबडतोब पुढील क्रमांकावर बोला. घरांत त्या एकट्या होत्या. त्यांनीं क्रमांक फिरविला. पलीकडचा गृहस्थ अतिशय अदबीनें बोलत होता; त्यानें अर्ध्या तासांत त्यांच्याकडून संगणकाचा ताबा देणारें एक साधन उतरवून घेतलें आणि मग बँकेचें खातें उघडावयास सांगितलें. आमचे थोरले बंधु कैलासवासी झाल्यावर त्यांच्यामागें वहिनींच्या नांवें राहिलेली मुदतठेव त्याच खात्यांत आहे. दैवयोगानें पुतण्या त्या दिवशीं कचेरींतून लवकर आला. त्यानें आधीं यंत्राची तार ओढली, आणि मग काय झालें तें विचारलें. पैसा गेला नाहीं. पण वहिनी त्या रात्रीं जेवल्या नाहींत, आणि पुढें आठ-दहा दिवस संगणकाजवळ फिरकल्या नाहींत. (असा लाल पडदा कोणाच्या घरीं आल्यास क्रमांक फिरवूं नये, ब्राउझर बंद करावा, आणि पैसा गेलाच तर क्षणाचाही विलंब न लावतां १९३० या सरकारी क्रमांकावर कळवावें.)

"रखवालदार असतां हें आंत आलेंच कसें?" असें आम्हीं पुतण्यास थोड्या घुश्शांतच विचारलें. त्यानें कांहीं न बोलतां पंचांगाचें पान उघडून नोस्क्रिप्टची यादी पुढें केली. त्या पानाबरोबर अकरा नांवें आलेलीं होतीं. नऊ अडविलेलीं. दोन विश्वासू: एक त्या पानाचें स्वतःचें, आणि दुसरें एका जाहिरात पुरविणाऱ्याचें. "हें दुसरें काका तुम्ही ओळखतां का?" आम्ही ओळखत नव्हतों. तें कीर्तनाच्या चौदांपैकीं होतें.

येथें आमच्या डोक्यांत प्रथमच उजेड पडला, आणि हा लेख लिहिण्याचें कारणही हेंच आहे. आम्ही समजत होतों कीं आपण परवानगी दिली ती त्या कीर्तनाच्या पानापुरती. पण परवानगी पानास मिळतच नाहीं; ती नांवास मिळते. तें नांव पुढें ज्या ज्या पानाबरोबर येईल त्या त्या ठिकाणीं त्यास मुक्तद्वार. सूत्रांतल्या पदाची पुढच्या सूत्रांत अनुवृत्ति व्हावी, आणि ती कोठें थांबावी हें कोणीच न सांगावें, तसें हें झालें. पुतण्या प्रामाणिक आहे, तो म्हणाला, "तेंच नांव दोषी असें शपथेवर सांगतां येणार नाहीं. पण परक्यांना दुसरा कोणताच दरवाजा उघडा नव्हता."

बरें, ज्यास आज परवानगी दिली तो आज सज्जन आहे असें गृहीत धरिलें, तरी उद्यां त्या नांवामागें तोच मनुष्य राहील याची शाश्वति काय? पॉलिफिल नांवाची एक फुकट सेवा होती. नव्या पानांतील सोयी जुन्या ब्राउझरांस समजाव्या म्हणून ती लहानसे आदेश पुरवी, आणि अनेक नामांकित संकेतस्थळें विश्वासानें तिच्याकडून ते आदेश घेत. फेब्रुवारी २०२४ मध्यें पॉलिफिल डॉट आयओ हें नांव एका चिनी कंपनीस विकलें गेलें. त्या सेवेचे मूळ कर्ते अँड्र्यू बेट्स यांनीं तेव्हांच जाहीर केलें कीं आतां कोणासही हिची गरज राहिलेली नाहीं, हिला आपल्या पानांवरून ताबडतोब काढा. फारशा कोणीं ऐकलें नाहीं. जून २०२४ मध्यें त्याच नांवावरून येणाऱ्या आदेशांत भेसळ आढळली. भ्रमणध्वनीवरून आलेला वाचक भलतीकडेच, जुगाराच्या पानावर, नेला जाई. तेंही सर्वांना नाहीं, तर ठराविक वेळीं आणि ठराविक यंत्रांवर, म्हणजे पकडलें जाऊं नये. एक लाखाहून अधिक संकेतस्थळें तिचे आदेश घेत होतीं. शेवटीं नांव नोंदविणाऱ्या कंपनीनें तें नांवच गोठविलें. ज्यानें दोन-चार वर्षांपूर्वीं चांगलें म्हणून त्यास ट्रस्टेड केलें असेल, त्याच्या यादींत तें तसेंच ट्रस्टेड राहिलें असणार. घराची किल्ली भाडेकऱ्यास दिली, त्यानें खोली परस्पर दुसऱ्यास दिली, किल्लीही गेली.

खुद्द नोस्क्रिप्टही या दोषांतून सुटलें नाहीं. नवख्या माणसाची अडचण होऊं नये म्हणून कांहीं प्रसिद्ध नांवें त्यांत मुळांतच विश्वासू म्हणून नोंदविलेलीं असतात. २०१५ सालीं मॅथ्यू ब्रायंट या संशोधकानें ती यादी एकेक करून तपासली, तों त्यांतलें एक नांव कोणाच्याच मालकीचें नाहीं असें आढळलें. त्यानें तें १०.६९ डॉलरांस विकत घेतलें, आणि तेवढ्या पैशांत जगांतील असंख्य घरांच्या दारांतून रखवालदाराच्या सलामीसह आंत जाण्याचा हक्क त्यास मिळाला! तो सज्जन, म्हणून त्यानें तें उघड केलें. त्याच सुमारास दुसऱ्या एकानें दाखविलें कीं गूगलच्या एका नांवास सरसकट परवानगी असल्यामुळें त्याच्या पोटांतील ज्या जागेंत कोणीही मनुष्य आपलीं कागदपत्रें ठेवूं शकतो, त्या जागेसही परवानगी मिळालेली आहे. माओने यांनीं दोन्ही गोष्टी लगेच सुधारल्या. यादींत नांवाआधीं तीन टिंबें दिसलीं तर त्याचा अर्थ हाच समजावा, कीं त्या कुलांतील सर्व पोटनांवांसही ती परवानगी लागू आहे.

त्या रविवारीं आम्ही, पुतण्या आणि सूनबाई असे तिघे यादी घेऊन बसलों. ती नोस्क्रिप्टच्या ऑप्शन्समध्यें पर-साइट परमिशन्स या सदराखालीं सांपडते. प्रथम पुतण्यानें एक्स्पोर्टच्या बटणानें तिची प्रत काढून ठेवली, म्हणजे कांहीं बिघडल्यास परत आणतां यावी. मग मोजलीं: तीनशें बारा नांवें. त्यांपैकीं आम्ही ओळखत होतों तीं जेमतेम चाळीस. ज्या नांवास पुन्हां डिफॉल्ट करावें तें यादींतून निघून जातें. फार सोपें आहे, दोन तासांचें काम. आमचें मत पडलें कीं सगळींच पुसावीं आणि नव्यानें आरंभ करावा. सूनबाई म्हणाली, "मामंजी, तुमचें ठीक आहे. बिलाच्या शेवटच्या दिवशीं पैसे भरतांना पान अडलें, तर मी चौदा नांवांतून कोणतें शोधूं?" तिचें म्हणणें रास्त होतें. अनुभव असा आहे कीं फार अडविणारा रखवालदार शेवटीं घरचेच लोक काढून टाकतात. म्हणून बँक, वीज, टपाल, मुलांची शाळा, यांचीं नांवें राखलीं. पण त्या प्रत्येकापुढील कुलूप लावून घेतलें. कुलूप हिरवें असलें कीं परवानगी फक्त सुरक्षित, म्हणजे एचटीटीपीएस जोडणीपुरती. उघडें आणि तांबडें असलें कीं कशीही. आमच्या यादींत निम्मीं तांबडीं निघालीं.

एका नांवानें मात्र घोळ घातला. वहिनींची कन्या परदेशीं असते, आणि नातवाचीं छायाचित्रें ती ज्या ठिकाणीं ठेवते तें पान एका अनोळखी नांवावांचून उघडतच नाहीं. पुसावें तर वहिनींचा नातू दिसेनासा होतो, ठेवावें तर तीच कथा. तेथें कस्टम उपयोगी पडलें. त्यांत त्या नांवास काय काय चालवूं द्यावें हें खुणा करून ठरवितां येतें, आणि ही परवानगी अमुक एका पानावर असतांनाच लागू, अन्यत्र नाहीं, असेंही बांधून घेतां येतें. आम्हांस आधीं हवी होती ती हीच सोय, आणि ती इतके दिवस समोरच होती.

आणखी एक लहान गोष्ट. एका स्थळाकडून दुसऱ्याकडे जाणारी एखादी मागणी संशयास्पद वाटली, तर नोस्क्रिप्ट इशारा देतें आणि काय करूं म्हणून विचारतें. त्यांतही 'नेहमीं चालूं दे' असा पर्याय असतो. तो निवडल्याची नोंद वरच्या यादींत दिसत नाहीं. ती पुसण्याचें बटण निराळें, ॲडव्हान्स्ड या सदरांत आहे. आमच्या हातून तेंही चार वेळां झालेलें होतें.

आतां यादींत सत्तेचाळीस नांवें आहेत. दर महिन्याच्या पहिल्या रविवारीं दुपारच्या चहानंतर सूनबाई ती वाचते आणि ज्याचें काम आठवत नाहीं तें जातें. अनोळखी नांवास घड्याळाचीच परवानगी, असें ठरलें आहे. आमच्या हातून क्वचित् अजूनही चुकतें.

वहिनी श्रावणांत पुन्हां संगणकासमोर बसूं लागल्या. पहिल्याच दिवशीं त्यांनीं हांक मारली, "भाऊजी, त्या पंचांगाच्या पानाचें काय केलेंत? त्यावरचीं चित्रें गेलीं." आम्हीं जाऊन पाहिलें. त्या पानास मूळच्या मनाईंतच ठेविलें होतें. चित्रें नव्हतीं, फिरती पाटी नव्हती. तिथि, नक्षत्र आणि सूर्योदयाची वेळ मात्र काळ्या अक्षरांत स्पष्ट दिसत होती. "राहूं द्या असेंच," वहिनी म्हणाल्या, आणि त्यांनीं चतुर्थी कोणत्या वारीं येते तें पाहून घेतलें.