पाठीवरचे बिऱ्हाड

‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण आपल्याकडे बहुधा कीव करण्यासाठी वापरली जाते. ज्याला स्थिर घर नाही, बदलीच्या गावी पेटी-वळकटी घेऊन जो हिंडतो, त्याच्याविषयी ती बोलली जाते. परंतु असे बिऱ्हाड हौसेने पाठीवर घेणारेही आता पुष्कळ झाले आहेत. मोठ्या मोटारीत निजण्याच्या फळ्या, शेगडी, पाण्याची टाकी व दिवे यांची सोय करावी, सहकुटुंब निघावे आणि रात्र रानात किंवा नदीकाठी काढावी, असा हा छंद आहे. अशा गाडीस कॅम्पर व्हॅन म्हणतात.

हा छंद मूळचा परदेशातला. आरमारातून निवृत्त झालेले डॉक्टर गॉर्डन स्टेबल्स यांनी 1885 साली ‘वाँडरर’ नावाचे दोन घोड्यांचे फिरते घर बांधवून घेतले आणि इंग्लंडमधून निघून थेट स्कॉटलंडच्या इन्व्हर्नेसपर्यंत ते नेले. पुढे घोड्यांची जागा इंजिनाने घेतली. आपल्या शेजारी महाराष्ट्र शासनाने 2021 साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण स्वीकारले, म्हणजे हे वारे आपल्या वेशीपर्यंत आले आहे. तेव्हा त्याचा नीट विचार करणे प्राप्त आहे. माझे मत असे की, या प्रवासात गाडीच्या तयारीहून प्रवाशाची तयारी अधिक महत्त्वाची आहे. रानात मुक्काम करणारा मनुष्य तेथला पाहुणा असतो. ज्याला पाहुण्याचा धर्म पाळता येत नाही, त्याने असे बिऱ्हाड हलवू नये.

प्रथम स्वतःच्या सुरक्षिततेचा विचार करू. नवख्याने पहिली रात्र घराच्या अंगणात किंवा ओळखीच्या माणसाच्या शेतातच काढावी. काय विसरले आणि काय उगीच घेतले, हे एका रात्रीत कळते. पाण्याचा हिशेब आधी मांडावा. पिण्यास व स्वयंपाकास माणशी रोज पाच लिटर धरले, तर चार माणसांना दोन दिवसांसाठी चाळीस लिटर लागतात. धुण्या-विसळण्यासाठी तितकेच आणखी घेतले, तर ऐंशी. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो, म्हणजे एक जाडजूड मनुष्य अधिक बसवल्यासारखेच झाले! म्हणून जड वस्तू गाडीच्या तळाशी, दोन्ही चाकांच्या मध्ये ठेवाव्यात. टपावर ओझे लादलेली गाडी वळणावर झोके खाते. घाट उतरताना गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवावी. सतत ब्रेक दाबून धरल्यास ते तापतात आणि ऐन वेळी दगा देतात.

विजेचे गणित तर आमच्या आठवीच्या विद्यार्थ्यालाही सोडवता येईल. बारा व्होल्टची, शंभर अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे बाराशे वॅट-तास. शिशाच्या बॅटरीतील निम्मीच वीज वापरणे हिताचे, म्हणजे हाती उरले सहाशे. पाच वॅटचे दोन दिवे पाच तास जळले तर पन्नास, आणि वीस वॅटचा पंखा आठ तास फिरला तर एकशे साठ. एका रात्रीचा खर्च दोनशे दहा. दोन रात्री सुखाने जातील, तिसरी पुरी होणार नाही. याच बॅटरीवर कोणी हजार वॅटची विजेची शेगडी लावील, तर छत्तीस मिनिटांत सारी शिल्लक संपेल. शिवाय घरातील दिव्यांची बॅटरी इंजिनाच्या बॅटरीहून निराळी असावी; नाही तर रात्री दिवे चांगले लागतात आणि सकाळी गाडीच सुरू होत नाही.

सर्वांत मोठा धोका मात्र डोळ्यांना न दिसणारा आहे. थंडीच्या दिवसांत बंद गाडीत कोळशाची शेगडी पेटवून निजणे म्हणजे मृत्यूस आमंत्रण होय. अर्धवट ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड वायू निर्माण होतो. त्याला रंग नाही, वास नाही. निजलेला मनुष्य जागा होण्यापूर्वीच त्याचा बळी जातो. स्वयंपाकाचा गॅस हवेहून जड असल्यामुळे गळती झाल्यास तळाशी साचतो. म्हणून गाडीच्या खालच्या भागात हवेला वाट हवीच. स्वयंपाक शक्यतो गाडीबाहेर करावा आणि निजण्यापूर्वी टाकीची चावी स्वतःच्या हाताने बंद करावी.

आता मुक्कामाची जागा. ती सूर्यास्तापूर्वी शोधावी, कारण अंधारात निवडलेल्या जागेचे दोष सकाळी दिसतात. ओढ्याचे कोरडे पात्र कितीही सपाट व सुंदर दिसले तरी तेथे गाडी लावू नये. सह्याद्रीच्या माथ्यावर पाऊस कोसळला की खाली आकाश निरभ्र असतानाही पाण्याचा लोंढा येतो. वाळलेल्या फांद्यांच्या झाडाखालीही थांबू नये. आणि कोणतीही जागा ‘कोणाचीच नाही’ असे समजू नये. आपल्या देशात गावाचे गायरान असते, देवाची राई असते, शेतकऱ्याचे पडीक रान असते. प्रत्येकाला धनी आहे. जवळच्या वस्तीवर जाऊन, नमस्कार करून, ‘आज रात्री इथे राहिलो तर चालेल काय?’ असे विचारण्यात कमीपणा नाही. विचारून थांबलेल्यास बहुधा पाणी कोठे चांगले, साप-विंचवांची भीती कोठे आणि रात्री जनावर कोणत्या वाटेने येते, हे सारे न मागता कळते.

अरण्याची गोष्ट याहून वेगळी आहे. खानापूर तालुक्यातील भीमगड हे 2011 पासून अभयारण्य आहे. पलीकडे गोव्यात म्हादई अभयारण्य 1999 पासून आहे. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 सालचा. त्यानुसार अभयारण्यात परवान्यावाचून पाऊल टाकता येत नाही, मग मुक्काम आणि जाळ यांचे नावच नको. बंदीपूरच्या जंगलातून जाणारा हमरस्ता रात्री नऊ ते पहाटे सहा या वेळात वाहनांना बंद करण्याचा निर्णय 2009 साली झाला, तो गाड्यांखाली प्राणी मरत होते म्हणूनच. रात्र ही त्यांची वेळ आहे, आपली नव्हे.

राहिला मलमूत्राचा व कचऱ्याचा प्रश्न. सभ्य माणसे याविषयी बोलणे टाळतात. परंतु न बोलल्याने घाण नाहीशी होत नाही. शौचासाठी पाण्यापासून निदान साठ मीटर दूर, वीतभर खोल खड्डा खणून तो मातीने बुजवावा. भांडी व कपडे ओढ्यात धुऊ नयेत. पाणी बादलीत काढून दूर नेऊन धुवावेत. आपण ज्या ओढ्यात साबण सोडतो, त्याच ओढ्यावर कोसभर खाली एखादी माउली पिण्याची घागर भरत असते. प्लास्टिकच्या पिशव्या, बाटल्या, डबे परत गाडीतूनच आणावेत. भरलेले आणता आले, ते रिकामे नेता येत नाही काय?

असे कोणी म्हणेल, की मोकळे राहण्यासाठी बाहेर पडायचे आणि तेथेही इतके नियम! मग स्वातंत्र्य ते कोणते? आक्षेप वरवर योग्य वाटतो. परंतु जेथे हे स्वातंत्र्य खरोखर नांदते, तेथे पाहावे. नॉर्वेत 1957 च्या कायद्याने पडीक रानात तंबू ठोकण्याचा हक्क प्रत्येकास आहे. पण वस्तीच्या घरापासून दीडशे मीटर दूर, आणि सर्वसाधारणपणे एका जागी दोन रात्रींपुरताच. स्कॉटलंडने 2003 साली असाच हक्क दिला, मात्र तो मोटारीवाचून हिंडणाऱ्यांना. मोटारीतल्या मुक्कामास तो लागू नाही. पुढे लोमंड सरोवराच्या काठी कचरा, तोडलेली झाडे व जळलेली जमीन यांचा कहर झाला, तेव्हा 2017 पासून तेथील ठरावीक काठांवर मार्च ते सप्टेंबर या काळात परवाना घ्यावा लागू लागला. दूर कशाला, गोव्यात पर्यटनस्थळी उघड्यावर स्वयंपाक करणे व मद्य पिणे यांस 2019 साली कायद्याने बंदी झाली. एकट्यास दोन हजार आणि टोळक्यास दहा हजार रुपये दंड ठरला. हे कायदे लोकांच्या स्वातंत्र्याचा द्वेष म्हणून जन्मले नाहीत. काहींनी पाहुण्याचा धर्म सोडला, म्हणून सर्वांच्या वाटेवर फाटक आले. जो स्वतःस नियम घालून घेत नाही, त्याला दुसरा कोणी घालतो.

फिरते बिऱ्हाड आपल्या भूमीस नवे नाही, हेही ध्यानात ठेवावे. धनगर आपली मेंढरे, घोडी आणि कच्चीबच्ची घेऊन पिढ्यान् पिढ्या या माळांवरून हिंडत आले आहेत. त्यांचा तळ आपल्या रानात पडावा म्हणून शेतकरी त्यांना बोलावणे धाडतो, धान्य किंवा पैसे देतो. कारण मेंढ्या रात्रभर बसल्या की लेंडीखताने जमीन सकस होते. धनगर उठून जातो तेव्हा ती जागा पूर्वीपेक्षा संपन्न झालेली असते. लाखो रुपयांच्या गाडीतून हिंडणाऱ्या सुशिक्षितांच्या मुक्कामानंतर मात्र फुटलेल्या बाटल्या आणि काळवंडलेले दगड राहतात! या दोघांत सुसंस्कृत कोणास म्हणावे, हे वाचकांनीच ठरवावे.

कॅम्पर व्हॅन सर्वांच्या ऐपतीतली नाही, हे मला ठाऊक आहे. परंतु शाळेची सहल, गडावरची रात्र, बैलगाडीतून गेलेली जत्रा, या साऱ्यांना हाच नियम लागू आहे. विद्यार्थिमित्रांनो, पुढे तुमच्यापैकी कोणी चाकांवरचे घर घेईल, कोणी खांद्यावर पिशवी टाकून निघेल. कोठेही रात्र काढा. पण पहाटे निघताना दहा पावले चालून एकदा मागे वळून पाहा. येथे कोणी राहिले होते, हे ओळखू येत नसेल, तर खुशाल पुढच्या गावाला जा. येत असेल, तर मागे फिरा. तुमचा मुक्काम अजून पुरा झालेला नाही.